दिवेआगरच्या घरट्यातलं पुसलेलं पिल्लू

ठाण्यातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात विक्रेत्याने मला सांगितलं, "मावशी, तुमच्या वयाला मोबाइल बरा. ही लेन्स जड आहे." तेवढ्यासाठी मी दिवेआगरला गेले. समुद्र, नारळ आणि उकडीचे मोदक ही कारणं मी नंतर, लोकांनी विचारलं तेव्हा तयार केली.

विमा कंपनीत चौतीस वर्षं मी दावे तपासले. जळालेली गोदामं, बुडालेल्या होड्या, 'चोरीला' गेलेल्या आणि मेहुण्याच्या अंगणात उभ्या असलेल्या गाड्या. त्या काळातल्या फायली त्या लेन्सपेक्षा जड होत्या. मी त्या विक्रेत्यासमोर लेन्स एका हाताने उचलली, दुसऱ्या हाताने कार्ड पुढे केलं, आणि बिल होईपर्यंत लेन्स खाली ठेवली नाही. हात भरून आला होता, पण ते त्याला कशाला सांगायचं?

आता लेन्सबद्दल, कारण हे वाचणाऱ्या निम्म्या लोकांना तेवढंच हवं असतं. माझ्याकडे आधी दोन लेन्स होत्या, एक जवळची आणि एक लांबची. प्रवासात त्या सारख्या बदलाव्या लागायच्या. बदलताना कॅमेरा उघडा पडतो आणि आत धूळ जाते. माझ्या कॅमेऱ्यात अशीच गेली, आणि गेली दोन वर्षं माझ्या प्रत्येक फोटोच्या आकाशात डाव्या कोपऱ्यात एक तपकिरी ठिपका असतो. म्हणून मी अठरा ते तीनशेची झूम घेतली. अठराला सगळं अंगण मावतं, तीनशेला झाडाच्या शेंड्यावरचा कावळा दिसतो. वाईट गोष्टीही ऐका. तीनशेवर नेली की उजेड कमी पडतो, म्हणून सकाळी नऊनंतरच पक्ष्यांच्या मागे लागा किंवा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची कमी उजेडातली नजर, वाढवा. कॅमेरा गळ्यात अडकवून चालताना लेन्सची नळी आपोआप लांब होत खाली येते. लोक बघतात. बाजूला एक छोटं कुलूप असतं, ते सरकवून ठेवा.

माझ्याबरोबर लिली होती. लिली माझी शाळेपासूनची मैत्रीण, वांद्र्याची, निवृत्त संगीतशिक्षिका. तिच्याकडे तीन लेन्स आहेत आणि माझ्या झूमबद्दल तिचं मत स्वच्छ आहे. "एकाच कढईत आमटी आणि जिलबी," ती म्हणते. आम्ही दोघी एकाच कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. तिथल्या सिस्टर रोज सकाळी नखं बघायच्या आणि दर शुक्रवारी डेस्क. प्रत्येक वस्तू जागेवर, प्रत्येक वस्तूवर नावाची चिठ्ठी. लिलीवर त्याचा काहीही परिणाम झाला नाही. माझ्यावर झाला.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा. भाऊच्या धक्क्यावरून गाडी बोटीत चढवली आणि तासाभरात मांडव्याला उतरलो. गाडीची जागा आधी ऑनलाइन राखून ठेवा. आयत्या वेळी येणाऱ्या तीन कुटुंबांची भांडणं मी धक्क्यावर ऐकली, आणि तिन्ही ठिकाणी चूक नवऱ्याची होती. पहिला मुक्काम किहीमला, नारळाच्या बागेतल्या कॉटेजमध्ये. दोघींचे अडीच हजार, नाश्ता धरून. किनाऱ्यावर वारा सुटला होता आणि लिली त्या वाऱ्यात पाठमोरी बसून, पदराच्या तंबूत, लेन्स बदलत होती. मी उभ्या उभ्या नळी फिरवून होड्या, सुरूची रांग आणि लिलीचा तंबू असे चाळीस फोटो काढून मोकळी झाले.

संध्याकाळी कॉटेजवाल्यांनी पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि भांबुर्डीचा पाला भरून मडकं पालथं घालायचं आणि वरून जाळ करायचा. खाऊन झाल्यावर फोटो लॅपटॉपवर घेतले. माझं फोटोंचं सॉफ्टवेअर फार मनमिळाऊ आहे, ते सगळ्यांची ओळख विचारतं. त्या काळ्या मडक्याभोवती चौकट आखून ते विचारत होतं, ही लिली आहे का?

"हो म्हण," लिली म्हणाली. "बघू पुढे काय करतं."

मी हो म्हटलं. पुढे त्याने लिलीच्या सगळ्या फोटोंना मडक्याच्या रांगेत नेऊन बसवलं.

दुसऱ्या दिवशी अलिबाग, रेवदंडा, साळावचा पूल, मुरूड असं करत आगरदांडा गाठलं. रस्ता कधी गुळगुळीत, कधी आपल्या पाठीच्या मणक्यांची मोजणी करणारा. मुरूडला थाळी खाल्ली, सोलकढी दोनदा मागितली, दोन्ही वेळा मिळाली. आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीत गाडी घालता येते. पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास, पण मोठा वळसा वाचतो. साडेतीनला दिवेआगर.

आमचा होमस्टे 'माऊली' सुगंधा नावाच्या बाईंचा. पन्नाशीच्या, नवरा पनवेलला ट्रान्सपोर्टमध्ये, त्यामुळे वाडी, खोल्या आणि स्वयंपाक सगळं यांच्याच अंगावर. खोलीचे अठराशे, जेवण वेगळं. शेजारच्याच अंगणात त्यांचे थोरले दीर नाना. दोन्ही घरांच्या मध्ये, अगदी वईला, म्हणजे कुंपणाला लागून, सुरूचं एक उंच झाड नानांच्या छपराकडे कललेलं. झाडाच्या शेंड्याजवळ काटक्यांचा हा एवढा ढीग.

आम्ही चहा घेत होतो तेव्हा दोन्ही अंगणांत माणसं होती, पण कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मग नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, हिला सांगा, उद्या दुपारी करवतवाला येतोय."

सुगंधा त्यांच्यापासून चार हातांवर उभी होती. ती मला म्हणाली, "काकू, भावजींना सांगा, वर पिल्लू हाय. झाड पडलं तर ते बी पडंल."

"हिला सांगा, घरटा जुना हाय. रिकामा. गरूड तिथं नुसतं मासे खायला बसतात."

मी मिनिटभर दोघांचे निरोप पोचवले. मग मला राग आला. "तुम्हाला एकमेकांचं ऐकू येतंय ना?"

"ऐकू येतंय," सुगंधा म्हणाली. "बोलत न्हाय."

पंधरा दिवसांपासून हे असं चाललं होतं. समुद्रगरुडाची ती जोडी दर हिवाळ्यात येते, पांढऱ्या पोटाची, माणसाच्या हातांएवढे पंख. झाडाखाली रोज माशांचे काटे पडतात, ते सुगंधा रोज झाडते. तिच्या मते काटे वाढले म्हणजे वर खाणारं तोंड वाढलं. नानांचंही खोटं नव्हतं. २०२० च्या वादळात असंच एक सुरू त्यांच्या छपरात घुसलं होतं, आणि नाना नि त्यांची बायको पाच तास खाटेखाली पडून होते. आता नवीन पत्रे घातलेत. झाड बुंध्याशी पोखरलंय, त्यावर माणूस चढू शकत नाही, त्यामुळे वर जाऊन बघणं शक्य नाही. तोडायचा रीतसर कागदही त्यांच्याकडे होता, प्लास्टिकच्या पिशवीत.

"पिल्लू असंल तर मी थांबंन," नाना म्हणाले. "पापी न्हाय मी. पण दाखवा."

"कॅमेऱ्यातून बघा," मी म्हटलं आणि तीनशेवर लावून कॅमेरा त्यांच्या हातात दिला.

नानांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. त्यांनी बराच वेळ बघितलं. "धुकं दिसतंय," ते म्हणाले. "फोटो काढा. मोठा करून दाखवा. मग बोलू."

फोटोशिवाय काही मान्य नाही, हे वाक्य मी चौतीस वर्षं लोकांना ऐकवलं होतं. उलट बाजूने ते किती उद्धट लागतं ते मला त्या दिवशी कळलं.

सकाळी मी आणि लिली किनाऱ्याकडच्या उंचवट्यावर गेलो. तिथून घरटं जवळजवळ समोर येतं आणि पक्षीही बिचकत नाहीत. आधी एक मोठा गरूड मासा घेऊन आला, दोन कावळे त्याच्यामागे. तो उडाला, आणि काटक्यांच्या कडेवरून एक तपकिरी डोकं वर आलं. चोच उघडी. मी श्वास रोखून बटण दाबून धरलं, सात फोटो लागोपाठ. लिलीनेही तिच्या लेन्समधून बघितलं, पण तिच्या पिशवीतली सगळ्यात लांब लेन्स किहीमच्या वाळूने अडकली होती, वळत नव्हती.  मी फक्त तिच्याकडे बघितलं.

"बोल," ती म्हणाली.

"मी काय बोलू? आमटी झाली माझी."

परत येऊन मी माझ्या सवयीने सगळं केलं. फोटो लॅपटॉपवर घेतले. कॅमेऱ्यातलं कार्ड लगेच पुसून कोरं केलं, कारण भरलेलं कार्ड आणि न घासलेलं भांडं मला बघवत नाही. फोटोंच्या फोल्डरांना सॉफ्टवेअरने काहीतरी तारखांची नावं दिली होती. ती मी बदलून 'एक – किहीम', 'दोन – रस्ता', 'तीन – दिवेआगर, पक्षी' अशी नीट केली. मग आंघोळ करून, नानांना ओटीवर बोलावून, लॅपटॉप उघडला.

घरटं स्वच्छ दिसत होतं. एक एक काटकी मोजून घ्यावी. मागे निळं आकाश. पिल्लू नव्हतं.

मी दुसरा फोटो उघडला. तिसरा. सातही फोटोंत घरटं रिकामं.

नानांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, स्क्रीनला नाक लावून बघितलं. "काय सांगत होतो?" ते म्हणाले. तेही मलाच.

"मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय!" मी ओरडले. "ही लिली बघत होती!"

"मला माझ्या लेन्समधून ठिपका दिसला," लिली म्हणाली. माझी बाजू घेण्याची तिची ही पद्धत.

 सुगंधाने माझ्यापुढची चहाची कपबशी उचलली. मी लगेच उंचवट्यावर पळत गेले, पण तोवर ऊन चढलं होतं आणि आई पंख पसरून घरट्यावर सावली धरून बसली होती. तिच्या पोटाखाली पिल्लू आहे की पंचांग, काही कळायला मार्ग नव्हता.

मी परतले तेव्हा करवतवाले इब्राहिमभाई येऊन पोचले होते. पांढरी दाढी, शांत माणूस, बरोबर मोटरची करवत आणि दोरखंड. सुगंधाने त्यांना चहा दिला, कारण ते कुणाचेही शत्रू नव्हते.

"बच्चेवाल्या झाडाला मी हात लावत न्हाय," ते म्हणाले. "गुनाह आहे. पण बच्चा नसला तर मला म्हसळ्याला दुसरं काम हाय."

"दुपारचं जेवून घ्या," नाना म्हणाले. "मग सुरू करा."

म्हणजे जेवण होईपर्यंत वेळ होता. लिली लॅपटॉपसमोर बसून फोटो मागे मागे नेत होती. "कावळे कुठे गेले?" तिने विचारलं.

"कुठले कावळे?"

"गरुडामागे दोन कावळे होते. या फोटोत गरूड आहे, कावळे नाहीत." ती आणखी मागे गेली. "आणि किहीमच्या होड्या? क्षितिजावर सहा होड्या होत्या. इथे एकही नाही." ती माझ्याकडे वळली. "तू समुद्र झाडून काढलायस!"

मग मला आठवलं. तो डाव्या कोपऱ्यातला धुळीचा ठिपका. महिन्यापूर्वी मी सॉफ्टवेअरला सांगून ठेवलं होतं, फोटो आत घेतानाच डाग शोध आणि पूस. खाली एक चौकोन होता, 'सर्व फोटोंना लागू करा', तिथेही मी टिचकी मारली होती, कारण काम अर्धवट करणं मला शिकवलेलं नाही. आता उजळ आकाशापुढे जे जे लहान आणि काळपट दिसेल, ते ते सॉफ्टवेअरने धूळ समजून साफ केलं होतं. होड्या, कावळे, आणि आपल्या घरट्यातून मान वर काढणारा एक जीव.

आता हा भाग वाचकांनी लक्ष देऊन वाचावा. अशी सॉफ्टवेअरं मूळ फोटोला हात लावत नाहीत. आपण बघतो ती त्यांनी तयार केलेली प्रत असते, आणि 'मूळ स्थिती' नावाचं बटण दाबलं की सगळं परत येतं. मी बटण दाबलं. फोटोवर मोठं प्रश्नचिन्ह आलं. 'मूळ फाइल सापडत नाही.'

"फाइल इथेच आहे!" मी स्क्रीनला सांगितलं. मला ती फोल्डरमध्ये समोर दिसत होती. पण ती रॉ फाइल, कॅमेऱ्याची कच्ची फाइल. नुसती उघडायला गेलं की लॅपटॉप कोरा कागद दाखवतो. कार्ड तर मी सकाळीच घासूनपुसून ठेवलं होतं.

'माऊली'त मोबाइलला रेंज फक्त विहिरीच्या कठड्यापाशी येते. मी लॅपटॉप घेऊन कठड्यावर बसले आणि पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो कुजबुजला, "आत्या, मीटिंगमध्ये आहे. रीस्टार्ट कर." मी रीस्टार्ट केलं. प्रश्नचिन्ह अधिक ठळक झालं. मग सॉफ्टवेअर कंपनीच्या मदतखिडकीत लिहिलं. तिथून उत्तर आलं की मी विचारलेला प्रश्न फार चांगला आहे, आणि त्यांची सेवा मला कशी वाटली? मी जे लिहिलं ते सिस्टरना आवडलं नसतं. व्याकरण मात्र शुद्ध होतं.

तिकडे ओटीवर इब्राहिमभाई जेवत होते. दुसऱ्यांदा भात घेतला. मी देवाचे आभार मानले.

सुगंधा विहिरीवर पाणी काढायला आली. "काकू, काय म्हणतंय ते?"

"म्हणतंय, फोटो जागेवर नाहीत. जागेवरच आहेत गं! मी स्वतः नीट लावून ठेवलेत, नावं घालून."

"नावं आधी न्हवती?"

"होती काहीतरी वेडीवाकडी. मी बदलली."

तिने बादली कठड्यावर ठेवली. "आमच्या यांनी पण होमस्टेचं नाव बदललं होतं. 'माऊली'चं 'सी ब्रीज' केलं. म्हैनाभर गिऱ्हाइक दारावरून परत जाई. पाटी वाचायचे नि पुढं जायचे. घर तेच, मी दारात उभी, तरी म्हणायचे, 'माऊली' कुठं हाय? शेवटी परत 'माऊली' लावलं."

मी तिच्याकडे बघत राहिले. मग 'तीन – दिवेआगर, पक्षी' हे माझं सुबक नाव पुसलं आणि तारखेचं जुनं, ओंगळ नाव जसंच्या तसं टाइप केलं. ते मला आठवत होतं, कारण त्याचा मला राग आला होता. प्रश्नचिन्ह गेलं.

मी अंगणातून ओटीवर कशी गेले ते सांगणार नाही. लिली सांगते, आणि त्यात तिखटमीठ लावते. इब्राहिमभाई हात धूत होते, दोरखंड खांद्यावर घेतलेला. मी लॅपटॉप नानांच्या पुढ्यात ठेवला आणि सगळ्यांसमोर 'मूळ स्थिती' दाबली.

आधी कावळे आले. मग डाव्या कोपऱ्यातला माझा धुळीचा ठिपका. मग काटक्यांच्या कडेवर एक तपकिरी गोळा, आणि मोठं केल्यावर चोच, डोळा, पिसं.

नाना बघत राहिले. "हे सुकलेलं शहाळं बी असंल."

आता मात्र मला त्यांचा आदर वाटला. मीसुद्धा एका फोटोवर दावा मंजूर केला नसता. "सात फोटो आहेत," मी म्हटलं आणि बाणाचं बटण भराभर दाबत गेले. पिल्लाने मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, पुन्हा डावीकडे. मी सातही फोटो परत दाखवले. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे.

"न्हाय म्हणतंय," इब्राहिमभाई म्हणाले आणि दोरखंड खांद्यावरून खाली ठेवला.

नाना बराच वेळ छपराकडे बघत बसले. पाच तास खाटेखाली काढलेला माणूस, त्याला घाई करायचा अधिकार कुणालाच नव्हता. शेवटी त्यांनी मान वळवली, पण माझ्याकडे नाही. "सुगंधा," ते म्हणाले, "कधी उडंल ते?"

सुगंधाच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "होळीपर्यंत, भावजी."

"तवर रात्री तुमच्या ओटीवर झोपंन मी. आमची ही बी येईल."

"गाद्या घालते," ती म्हणाली आणि आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

इब्राहिमभाईंनी आणलेले दोर वाया गेले नाहीत. त्यांनी आणि नानांनी मिळून झाड खालच्या खालीच नारळाच्या दोन झाडांना आवळून बांधलं, छपराच्या उलट बाजूला. मी त्याचे फोटो काढले, अठरावर.

दोन दिवस आणखी राहून माणगाव-पेणमार्गे महामार्गाने घरी आलो. महामार्गाबद्दल मला काही बोलायचं नाही. बोलले तर हा ब्लॉग बंद पडेल. घरी आल्यावर मी 'सर्व फोटोंना लागू' वरची टिचकी काढली आणि सगळ्या प्रवासाला मूळ स्थितीत आणलं. किहीमच्या क्षितिजावर सहा होड्या आल्या, मुरूडच्या आकाशात विजेची तार आली, समुद्रात तरंगणारी एक चप्पलही आली. फोटो आधी छान होते, आता खरे आहेत. मला अजून सवय व्हायची आहे.

होळीनंतर चार दिवसांनी नानांचा फोन आला. "बाई, पिल्लू उडालं."

"अरे वा! मग झाड?"

"झाड हाय. पिल्लू लांब गेलं न्हाय, माझ्या नवीन पत्र्यावर येऊन बसलं. दिवसभर वरडतंय. पत्रा पांढरा केला त्यानं. रात्री परत झाडावर." ते थांबले. "इब्राहिम दोनदा येऊन गेला. म्हटलं, थांब बाबा, अजून त्याला नीट येत न्हाय."

मी हसले नाही. फार प्रयत्न केला.

"मला सांगा," ते म्हणाले, "दुसऱ्या डोळ्याचं बी झालं ऑपरेशन. ती तुमची लांब नळी कोणत्या नंबरची?"

"नाना, तुम्ही दुर्बीण घ्या. हलकी, स्वस्त. पिल्लू आहे की नाही एवढंच तर बघायचंय."

 त्यांच्या मागे खरंच काहीतरी ओरडत होतं, कर्कश, थांबून थांबून.

"आज बघंन हो दुर्बिणीतून," नाना म्हणाले. "दुर्बिणीत फोटो न्हाय राहत, ते गेल्यावर काय बघू?"

मी त्यांना लेन्सचा आकडा सांगितला, अठरा ते तीनशे. त्यांनी लिहून घेतला आणि बरोबर आहे का म्हणून मला परत वाचून दाखवला.